वॉटकिन्स ग्लेन: धबधबे पाहून झाल्यावर शर्यतीचं जुनं गाव कसं पाहावं?

इथाकाकर

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आई-बाबा येतायत. नायगारा ठरलेलाच आहे. वाटेत कॉर्निंगचं काचेचं संग्रहालय आणि न्यूयॉर्क राज्यातल्याच वॉटकिन्स ग्लेनची घळ, म्हणजे आपल्याकडचे सगळे पाहुणे पाहतात तेच. पण बाबांचं मन भलतीकडेच लागलंय. ते एसटीच्या विभागीय कार्यशाळेत होते, उभी हयात इंजिनं खोलण्या-जोडण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून फॉर्म्युला वनची शर्यत चुकवत नाहीत. फोनवर वॉटकिन्स ग्लेनचं नाव काढलं तर म्हणाले, "अरे, जिम क्लार्क जिंकायचा तेच ना ते?"

मी घळ पाहिली आहे, शर्यतीचं काहीच पाहिलेलं नाही. दोन हजारसुद्धा वस्ती नसलेल्या गावात जगातली एवढी मोठी शर्यत आली कशी? आज तिथे बाबांना दाखवण्यासारखं काही उरलंय का, की थेट ट्रॅकचं तिकीटच काढावं? आईचे गुडघे दुखतात, तेही लक्षात घेऊन सांगा.

रानवारा

आईंसाठी आधी सांगते. घळीतल्या मुख्य वाटेला ८३२ दगडी पायऱ्या आहेत आणि तुषारांमुळे त्या कायम ओल्या असतात. मोसमात वरच्या दारापर्यंत नेणारी बस असते. वर जाऊन खाली उतरत या, किंवा खालच्या दारातून आत शिरून पहिले एकदोन धबधबे पाहा आणि परत फिरा. एकूण एकोणीस धबधबे आहेत, सगळे पाहायलाच हवेत असं नाही. चांगल्या पकडीचे बूट हवेतच. शर्यतीचं सेनेकाकाठताई सांगतील, त्यांना त्यातलं सगळं ठाऊक आहे.

सेनेकाकाठ

रानवारा, हाक मारलीस ते बरं केलंस.

इथाकाकर, बाबांना आधी ट्रॅकवर नेऊ नका. गावात फ्रँकलिन स्ट्रीटवर कोर्टाची इमारत आहे, तिच्या आसपास गाडी लावा आणि बाबांना रस्त्याच्या कडेला उभं करा. पहिली शर्यत इथून सुटली. २ ऑक्टोबर १९४८, शनिवार. ट्रॅक नावाची वस्तू तेव्हा गावात नव्हती. गावचा हमरस्ता, डोंगरावर चढणारा रस्ता, पलीकडची शेतं आणि परत खाली गावात, असा १०.६ किलोमीटरचा फेरा होता. तो फेरा आजही तसाच आहे आणि कोणालाही आपल्या गाडीतून फिरता येतो. जागोजागी मूळ मार्गाचे फलक लावलेत. एक पैसा पडत नाही. माझ्या मते वॉटकिन्स ग्लेनमध्ये पाहण्यासारखी हीच पहिली गोष्ट आहे, आणि घळ पाहायला येणारी निम्मी माणसं त्याच रस्त्यावरून गाडी हाकत जातात तरी त्यांना त्याचा पत्ता नसतो.

ही शर्यत आली कशी? कॅमरॉन आर्गेटसिंगर नावाचा तरुण कॉर्नेल विद्यापीठात, म्हणजे तुमच्याच इथाकात, कायदा शिकत होता. त्याच्या घरच्यांचं उन्हाळ्याचं घर सेनेका तलावाकाठी, त्यामुळे इथले सगळे रस्ते त्याच्या पायाखालचे. त्याच्याकडे एमजी टीसी होती, ती छोटी, उघडी, दोन माणसांची ब्रिटिश गाडी. युरोपात शहरांच्या आणि गावांच्या रस्त्यांवर शर्यती होतात, मग इथे का नको, हे त्याच्या डोक्यात बसलं. गावच्या व्यापाऱ्यांना त्याच वेळी दुसरी काळजी होती: उन्हाळा संपला की पाहुणे बंद, दुकानं ओस. पानगळीत माणसं यावीत म्हणून त्यांना काहीतरी हवंच होतं. दोन्ही गोष्टी नेमक्या जुळल्या.

मला यात सर्वात मोठं वाटतं ते परवानग्यांचं काम. मार्ग गावातून, तालुक्याच्या रस्त्यांवरून आणि सरकारी उद्यानाच्या हद्दीतून जाणारा. प्रत्येकाचा होकार वेगळा मिळवायचा. त्यात एके ठिकाणी रेल्वेचे रूळ मार्गाला आडवे. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेला विनंती केली आणि शर्यतीच्या वेळेपुरत्या गाड्या थांबल्या! एका विद्यार्थ्याच्या आणि एका खेड्याच्या शब्दाखातर. बाबा एसटीतले आहेत ना, त्यांना वेळापत्रक म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही.

रस्ता सगळा एकसारखा नव्हता. कुठे डांबर, कुठे काँक्रीट, वरच्या अंगाला तेल मारलेली खडी. वळणांवर पेंढ्याच्या गासड्या. गाड्यांची तपासणी फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या स्मॉलीज गॅरेजमध्ये झाली, म्हणजे एरवी गावकऱ्यांच्या गाड्या दुरुस्त होत त्याच जागी. ती इमारत अजून उभी आहे, बाबांना नक्की दाखवा. आठ फेऱ्यांची मुख्य शर्यत फ्रँक ग्रिसवल्डने अल्फा रोमिओ ८सी २९०० मध्ये जिंकली. ती डोक्यावर छप्पर असलेली बंद गाडी होती, मागे बहुतेक उघड्या गाड्या. दुसरा आला ब्रिग्ज कनिंगहॅम, ब्यूइकचं यंत्र आणि मर्सिडीझचा साज एकत्र करून बनवलेल्या गाडीत.

आता वळणं. कोर्टापासून दक्षिणेकडे निघालात की उजवीकडे वळून चढ लागतो आणि गाव खाली राहतं. वर झाडीतून उतरताना एकदम समोर दगडी पूल येतो. तिथे गाडी कडेला घेता आली तर घ्या आणि बाबांना मागे वळून तो उतार पाहू द्या. अरुंद पूल, दोन्ही बाजूंना दगडी कठडा, खाली घळीकडे जाणारा ओढा. इथे गाडी जराही चुकीच्या रेषेत आली तर सुटका नव्हती. पुढे रेल्वेची जागा, मग शेताकडेचे लांब सरळ रस्ते, आणि शेवटी बिग बेंडवरून गावाकडे उतरण. उताराच्या पायथ्याशी, गावात शिरतानाच्या वळणाचं नाव मिलिकेन्स कॉर्नर. बिल मिलिकेन हा बफेलोच्या विमान-संशोधन प्रयोगशाळेतला अभियंता. पहिल्याच वर्षी त्याची बुगाटी इथे उलटली, तो सहीसलामत बाहेर आला आणि वळणाला त्याचं नाव पडलं. बाबांना पुढचंही सांगा: वळणावर टायर नेमका किती जोर धरतो, गाडी कधी सरकायला लागते, याचं शास्त्र ज्या मोजक्या लोकांनी मांडलं त्यांत हा मिलिकेन अगदी वरचा. पुढे शंभरी ओलांडून तो २०१२ साली गेला.

आता जे सांगते ते बाबांना त्या रस्त्यावर उभं असतानाच सांगा. १९५० साली सॅम कोलिअर इथे कनिंगहॅमची फेरारी चालवताना अपघातात गेला. आणि १९५२ साली, कोर्टाजवळच्या त्याच फ्रँकलिन स्ट्रीटवर, दुतर्फा माणसं अगदी रस्त्याला खेटून बसलेली असताना एक गाडी गर्दीला घासली. सात वर्षांचा एक मुलगा मेला, बरेच जण जखमी झाले. शर्यत तिथेच थांबवली. गावातल्या रस्त्यावरची ती शेवटची शर्यत.

मी जुन्नरकडची. आमच्याकडे बैलगाडा शर्यतींच्या घाटावर बंदी आली आणि उठली ती सगळी वर्षं पाहिलेली आहेत. एखादा खेळ गावाच्या जिवाचा असतो तेव्हा तो बंद पडल्यावर गावातलं वातावरण कसं होतं ते मला माहीत आहे. म्हणूनच १९५२ नंतर या गावाने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. "झालं ते झालं, पुन्हा तिथेच करू" असं त्यांनी म्हटलं नाही, आणि सोडूनही दिलं नाही. १९५३ ला शर्यत गावाबाहेर डिक्स टाउनच्या रस्त्यांवर, ७.४ किलोमीटरच्या फेऱ्यावर नेली. तेही रोजच्या वापरातले रस्तेच. मग १९५६ ला जमीन घेऊन ३.७ किलोमीटरचा कायमचा ट्रॅक बांधला. आखणीत मिलिकेन होता आणि कॉर्नेलचे अभियांत्रिकीचे प्राध्यापकही. पुढच्याच वर्षी तिथे नॅस्कारची, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार मालिकेची, शर्यत झाली, बक बेकर जिंकला.

सप्टेंबरात येताय तर तारीख जुळवायचा प्रयत्न करा. दर सप्टेंबरच्या सुरुवातीला एका शुक्रवारी गावात उत्सव असतो. फ्रँकलिन स्ट्रीट बंद करतात आणि चाळीस-पन्नासच्या दशकातल्या गाड्या त्याच जुन्या मार्गावर फेऱ्या मारतात. त्या सुरू होतात तेव्हा काही गाड्यांमधून एरंडेलाचा वास येतो. पूर्वी शर्यतीच्या इंजिनांत एरंडेलापासून केलेलं वंगण वापरत, जुन्या गाड्यांचे काही मालक अजून तेच घालतात. आपल्या पिढीला तो वास लहानपणी बळजबरीने पाजलेल्या चमच्याचा. बाबांना तो इंजिनातून येताना कळला की पुढे त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही. नेमकी तारीख गावाच्या संकेतस्थळावर मिळेल.

आडवाट

अप्रतिम माहिती, ताई. पण फॉर्म्युला वनचं राहिलं. मी असं ऐकलंय की तिथली गर्दी फार हाताबाहेर जायची, चिखलात गाड्या जाळायचे वगैरे, आणि म्हणूनच फॉर्म्युला वन निघून गेलं. खरं का?

सेनेकाकाठ

आडवाट, जाळपोळ खरी आहे, कारण खरं नाही. 'बॉग' नावाची एक दलदलीची जागा ट्रॅकच्या आत होती. सत्तरच्या दशकात तिथे दारू पिऊन पोरं धिंगाणा घालत, १९७४ ला तर चक्क एक प्रवासी बस पेटवली. याच ट्रॅकच्या आवारात २८ जुलै १९७३ ला संगीताचा जलसा झाला. ग्रेटफुल डेड, ऑलमन ब्रदर्स आणि द बँड, तीनच वाद्यवृंद, आणि माणसं आली अंदाजे सहा लाख. दोन हजारांच्या गावात सहा लाख! त्यामुळे गर्दीच्या गोष्टी रंगवून सांगायला सोप्या पडतात. पण फॉर्म्युला वन गेलं ते दोन कारणांनी: ट्रॅक गाड्यांच्या वेगाला पुरेनासा झाला, आणि पैसा संपला. आता नीट क्रमाने सांगते, कारण इथाकाकरांच्या बाबांनाही हेच हवं असणार.

अमेरिकेची फॉर्म्युला वन शर्यत १९५९ ला सेब्रिंगला आणि १९६० ला रिव्हरसाइडला झाली, दोन्हीकडे जम बसला नाही. १९६१ ला ती ग्लेनकडे आली तेव्हा तयारीला जेमतेम काही आठवडे होते. ८ ऑक्टोबरला शर्यत झाली, इनेस आयर्लंड जिंकला आणि टीम लोटसला विश्वविजेतेपदाच्या मालिकेतला पहिला विजय मिळाला. तिथपासून १९८० पर्यंत सलग वीस वर्षं ऑक्टोबर म्हणजे ग्लेन. चालकांच्या संघटनेने सर्वोत्तम आयोजनाचा मान १९६५, १९७० आणि १९७२ असा तीनदा या गावाला दिला. बक्षीसही घसघशीत: १९६९ ला योखेन रिंट पहिल्यांदा फॉर्म्युला वन जिंकला तो इथेच, आणि विजेत्याला ५०,००० डॉलर मिळाले. त्या काळी फॉर्म्युला वनच्या दुसऱ्या कुठल्या शर्यतीत एवढी रक्कम नव्हती.

बाबांचं जिम क्लार्कचं म्हणणं बरोबर आहे. १९६२, १९६६ आणि १९६७, तीन वेळा तो इथे जिंकला. ग्रॅहॅम हिलही तीन वेळा, १९६३ ते १९६५ लागोपाठ. पण बाबांना १९६६ चा विजय सांगा, इंजिनवाल्या माणसासाठी तो खास आहे. त्या लोटसमध्ये बीआरएम या ब्रिटिश संघाचं सोळा सिलिंडरचं एच आकाराचं इंजिन होतं: दोन आडवी आठ-सिलिंडरी इंजिनं एकावर एक ठेवून त्यांचे क्रँकशाफ्ट गिअरने जोडलेले. वजन भारी, गुंतागुंत अफाट, सतत बिघाड. त्या इंजिनाने सगळ्या आयुष्यात एकच मोठी शर्यत जिंकली, ती इथे, क्लार्कच्या हातात. आणि पुढच्या वर्षी शेवटच्या फेऱ्या उरल्या असताना क्लार्कच्या गाडीचं मागचं सस्पेन्शन तुटलं. चाक वाकडं झालेलं, तरी त्याने गाडी जपून जपून आणली आणि हिलच्या आधी रेषा ओलांडली.

पुढे सत्तरच्या दशकात केंडल तेल कंपनीच्या नावाची एक मोठी शेड इथे होती. सगळ्या संघांच्या गाड्या त्या एका छपराखाली, आणि प्रेक्षकांना मेकॅनिक काम करताना अगदी जवळून पाहता यायचे. आज फॉर्म्युला वनच्या गॅरेजजवळ सामान्य माणसाला फिरकू देत नाहीत. इथे शेतकरी, शाळेतली पोरं, कोणीही उभं राहून गिअरबॉक्स खोललेला बघत असे. या खेळाला पाहणाऱ्याच्या इतकं जवळ ठेवणं हे या गावाचं मोठं काम होतं, असं मी मनापासून मानते.

पण रस्ता अवघडच होता. पहिल्या वळणानंतर चढावर डावी-उजवी अशी वेगवान वळणं आहेत, त्यांना एसेस म्हणतात, आणि निळे लोखंडी कठडे अगदी कडेला. १९७१ ला ट्रॅक वाढवून ५.४ किलोमीटर केला, बुटाच्या आकाराचा नवा भाग जोडला. त्या वर्षी फ्रान्स्वा सेव्हेर जिंकला, त्याचा फॉर्म्युला वनमधला एकमेव विजय. दोनच वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९७३ च्या सकाळी, सरावात त्याच एसेसवर त्याची गाडी कठड्यावर आदळली आणि तो जागीच गेला. त्याच्याच संघातला जॅकी स्टुअर्ट ती शर्यत झाल्यावर निवृत्त होणार होता, ती त्याची शंभरावी शर्यत ठरणार होती. संघाने माघार घेतली. स्टुअर्टच्या नावावर कायमच्या नव्याण्णवच शर्यती राहिल्या. १९७४ ला हेल्मुट कोइनिगची गाडी कठड्याच्या खालच्या पट्टीखाली घुसली, पट्टीने साथ दिली नाही, तोही गेला. त्यानंतर १९७५ ला एसेसवर वेग कमी करणारं वळण घातलं.

तेव्हा गाड्या दर वर्षी जास्त वेगवान होत होत्या, रस्ता मात्र खडबडीत होत गेला. त्याची डागडुजी करायला गावाच्या संस्थेकडे पैसा नव्हता. १९७९ ला पावसात जिल व्हिलनव्ह जिंकला, १९८० ला ॲलन जोन्स, आणि ती शेवटची. संघांचे पैसे चुकते करता आले नाहीत, १९८१ ला शर्यत वेळापत्रकातून काढली आणि संस्था दिवाळखोरीत गेली. दोनेक वर्षं ट्रॅकवर गवत वाढत होतं. १९८३ ला कॉर्निंग काच कंपनीच्या उपकंपनीने भागीदार बरोबर घेऊन तो विकत घेतला, १९८४ ला उघडला, १९८६ ला नॅस्कारची मुख्य मालिका परत आली. आज ट्रॅक भरलेला असतो. पण फॉर्म्युला वन परत आलं नाही आणि येईल असं मला वाटत नाही. आजच्या शर्यतीला लागणारं हॉटेल, विमानतळ, पैसा, यातलं काहीच या तलावाकाठी मावणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. सहा तासांची सहनशक्तीची शर्यत इथे होते ती अजून पूर्ण लांबीच्या ट्रॅकवर, बुटाचा भाग धरून, आणि तुम्ही कुंपणाशी गवतावर चटई टाकून ती पाहू शकता.

पंखवेल्हाळ

आणखी एक भर. बाबांना यंत्रांची आवड आहे तर एल्मायराजवळ हॅरिस हिलवर बिनइंजिनाच्या विमानांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय ग्लायडिंग स्पर्धा १९३० ला एल्मायरालाच झाली. ग्लेनपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. शर्यतीचा आवाज ऐकून झाल्यावर तिथली शांतता आईंनाही आवडेल.

इथाकाकर

सेनेकाकाठताई, खूप आभार. धागा बाबांना पाठवला. १९६६ च्या इंजिनाबद्दल त्यांचा लगेच प्रश्न आला: दोन क्रँकशाफ्ट होते तर गिअर तुटायचे नाहीत का? हे मला काय माहीत! त्यांना असं काही वाचायला, पाहायला तिथे मिळेल का? आणि आपली गाडी ट्रॅकवर नेता येते असं कोणीतरी म्हणालं, ते खरं का?

सेनेकाकाठ

बाबांना सांगा, त्या इंजिनाचा खरा त्रास तिथेच होता. कंप इतका की जोडणीचे भाग टिकत नसत.

वाचायला आणि पाहायला दोन्ही मिळेल. गावात सार्वजनिक वाचनालयाला लागूनच मोटार शर्यतींचं संशोधन केंद्र आहे, १९९९ ला उघडलं. आर्गेटसिंगर यांच्या पत्नी जीन यांचा ते उभारण्यात मोठा वाटा. जुन्या कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रं, मासिकांचे गठ्ठे, गाड्यांची कागदपत्रं असं सगळं तिथे आहे, आणि दर्शनी भागात एखादी जुनी गाडीही ठेवलेली असते. प्रवेशाला पैसे नाहीत. अमुक साल, अमुक गाडी असं सांगितलं की तिथली माणसं फाइल काढून टेबलावर ठेवतात. बाबांना इंग्रजी बोलायचा संकोच असेल तर तुम्ही नुसतं "बीआरएम एच सोळा" एवढं लिहून द्या. निघण्याआधी फोन करून वेळ विचारा.

ट्रॅकचंही खरं आहे. ठरावीक दिवशी पैसे भरून आपली रोजची गाडी पुढे धावणाऱ्या ट्रॅकच्या गाडीमागे काही फेऱ्या फिरवता येते. ओलांडून पुढे जायचं नाही, वेग त्यांच्या हातात. कोणते दिवस ते ट्रॅकच्या संकेतस्थळावर पाहा, मोठ्या शर्यतीच्या आठवड्यात हे बंद असतं. बाबांना शेजारच्या सीटवर बसवा, चालवा तुम्ही, कारण एसेसचा चढ लागला की त्यांचं लक्ष रस्त्यावर राहणार नाही, कठड्यांकडे जाईल.

जेवायचं म्हणाल तर फ्रँकलिन स्ट्रीटवरच थांबा. त्या फुटपाथमध्ये इथे धावलेल्या चालकांच्या नावांच्या फरशा बसवल्या आहेत. आई एखाद्या बाकावर बसतील, बाबा खाली बघत रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातील. त्यांच्यासाठी तासभर जास्तीचा धरा.